"पूर्वी लोकांचा पोलिसांवर विश्वास होता" म्हणे!

दर गणपतीत बंदोबस्त बघून कोणीतरी काका हे बोलतातच, की आमच्या वेळी पोलिसाला मान होता, विश्वास होता, आत्ताच सगळं बिघडलंय. अहो काका, मान होता का भीती होती ते जरा बघूया.

पुण्याचंच घ्या. नाना फडणवीसांच्या काळात घाशीराम कोतवाल (म्हणजे शहराचा पोलिसप्रमुख) होता, त्याच्या कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि 1791 मधे चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. हा झाला विश्वास! पुढे 1897 च्या प्लेगमधे इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने सैनिक (पोलिस नाही, गोरे सोल्जर) थेट घरात, देवघरात घुसायचे, त्यातूनच चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली.

आणि सगळ्यात भारी म्हणजे कायद्याचाच पोलिसांवर भरवसा नव्हता. 1872 च्या पुरावा कायद्यात लिहिलं होतं की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, का तर मारून कबूल करून घेतील, आणि नवीन कायद्यातही ते तसंच ठेवलंय. 1902-03 च्या फ्रेझर कमिशनने (इंग्रज सरकारनेच नेमलेली पोलिस चौकशी समिती) तर पोलिस भ्रष्ट आणि जुलमी आहेत असं सरकारलाच लिहून दिलं.

फरक काय पडलाय, तर आता लोक बोलतात, व्हिडिओ काढतात. आणि हद्द कुठलीही असो, चौकीत "आमच्याकडे येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार) मागा, 1 जुलै 2024 पासून ते कायद्यातच आहे. आजोबा मात्र गुपचूप घरी परत यायचे.