वस्तऱ्याची धार आणि पाठीची भूमिती

गेल्या पावसाळ्यात चोर बाजारातून मी जर्मनीतील झोलिंगेन येथे घडवलेला एक जुना वस्तरा आणला आणि मोठ्या उत्साहाने तो गिरगावात आमच्या चाळीखाली सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणाऱ्या कारागिराच्या हाती दिला. ठिणग्या उडाल्या, पाते चकाकले, आणि दुसऱ्या दिवशी वस्तऱ्याच्या पहिल्याच हातात गालाची आग झाली. भिंगातून पाहिले तेव्हा धारेलगतच्या पोलादावर निळसर झाक आलेली दिसली. सुरीला जे चाक मानवते, ते वस्तऱ्याला मानवत नाही. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या दगडावर पात्याची अतिशय पातळ कडा क्षणात ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून आणि थंड करून आणलेला कठीणपणा, उतरते. जितके जास्त घासावे तितकी धार चांगली, हा समज तेथेच खोटा ठरतो.

धार म्हणजे दोन सपाट उतार जेथे एकमेकांना मिळतात ती रेषा. ही रेषा प्रत्यक्षात शून्य जाडीची कधीच नसते, पण उत्तम वस्तऱ्यात तिची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी भरते. दाढीचा केस साधारण १०० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. प्रश्न असा की, इतकी बारीक रेषा साध्या हाताने, कोणत्याही यंत्राशिवाय, पाण्याने भिजवलेल्या दगडावर कशी साधते?

याचे उत्तर वस्तऱ्याच्या जाड पाठीत दडलेले आहे, आणि मला या हत्यारातील सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. स्वयंपाकघरातील सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो. वस्तरा मात्र पाठ आणि धार दोन्ही टेकवून दगडावर आडवा ठेवायचा असतो, त्यामुळे कोन वस्तराच ठरवतो. समजा पाठ ५ मिलिमीटर जाड आहे आणि ती दगडाला टेकते तेथपासून धारेपर्यंतचे अंतर १८ मिलिमीटर आहे. पाठीची निम्मी जाडी, म्हणजे २.५, भागिले १८ केले की अर्ध्या कोनाची ‘ज्या’ (साइन) मिळते, ०.१३९, त्यावरून अर्धा कोन जवळपास ८ अंश आणि धारेचा पूर्ण कोन १६ अंश येतो. आता दोन्ही बाजूंनी पाठ एकेक शतांश मिलिमीटर झिजली आणि धारेच्या उतारावरूनही तेवढाच थर गेला असे धरा. उतार अतिशय तिरका असल्यामुळे धारेची रेषा सुमारे सात शतांश मिलिमीटर मागे सरकते. पाठीची निम्मी जाडी २.४९ झाली, अंतर १७.९३ झाले, भागाकार करून पाहा, उत्तर पुन्हा ०.१३९ येते! वर्षानुवर्षे घासूनही कोन बदलत नाही, कारण जे पोलाद झिजते तेच कोन राखत झिजते. अट एवढीच की दगड सपाट असावा आणि हाताचा भार जवळजवळ नसावा. दाब दिला की पातळ पाते लवते आणि हे सारे गणित बिघडते.

दगडाचे क्रमांक त्यातील कणांचा आकार सांगतात; क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. १००० क्रमांकाच्या दगडाने उतार जुळवायचे, आणि ८००० क्रमांकाच्या दगडाने, ज्याचे कण सुमारे १.२ मायक्रोमीटरचे असतात, आधीचे ओरखडे पुसायचे. बल्बखाली धार डोळ्यांसमोर उभी धरावी. जेथे प्रकाशाची बारीक रेघ चमकते, तेथे उतार अजून मिळालेले नाहीत. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना मात्र पाठ पुढे आणि धार मागे ठेवावी, नाहीतर चामडे कापले जाऊन धार गोल होते.

केसाहून पोलाद सुमारे ५० पट कठीण असते, तरी धार बोथट का होते? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि तेथील पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर धारेचे सूक्ष्म टवके उडतात. म्हणजे धार केवळ हळूहळू झिजून गोल होत नाही, ती तुटतेही. गेलेला टवका आपोआप भरून येत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण पिरॅमिडखाली ठेवलेले पाते पुन्हा धारदार होते असा दावा करून कारेल ड्रबाल यांनी १९५९ साली चेकोस्लोव्हाकियात पेटंटही मिळवले होते, आणि आजही वास्तुदोष घालवण्याच्या नावाखाली तसलेच पिरॅमिड आपल्याकडे विकले जातात. पेटंट म्हणजे पुरावा नव्हे. पोलादाचे अणू कोणत्याही आकाराच्या टोपीखाली स्वतःहून रांगेत येत नाहीत.

सलूनमध्ये आता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे ब्लेड लावतात; संसर्ग टाळण्यासाठी ते योग्यच आहे, त्यामुळे दगडावर वस्तरा लावण्याचे काम घरापुरतेच उरले आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत या धारेचा खरा शत्रू गंज आहे. इतक्या पातळ कडेला गंजाचा एक ठिपकाही खड्डा पाडायला पुरतो. त्या निळसर वस्तऱ्याची जळलेली कडा दगडावर पूर्ण झिजवून मी नवी धार लावली आहे, आणि दाढी झाली की तो कोरडा पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक हात फिरवूनच कपाटात ठेवतो.