हॅमर, फॅनी लू

फॅनी लू हॅमर (६ ऑक्टोबर १९१७ – १४ मार्च १९७७) : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतील मिसिसिपी राज्याच्या आघाडीच्या कार्यकर्त्या. देशभर नाव झाल्यावरही त्यांनी सनफ्लॉवर काउंटीतील रूलव्हिल हे आपले छोटे गाव सोडले नाही, आणि त्यांच्या कामाचे मोल याच स्थानिकपणात आहे.

वाटेकरी शेतमजुरांच्या कुटुंबातील वीस भावंडांत त्या धाकट्या. जमीन मालकाची, राबणूक कुटुंबाची आणि बियाणे-किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर, अशी ही पद्धत होती. त्यामुळे वर्षअखेरीच्या हिशेबात कुटुंबाच्या हाती फारसे काही उरत नसे. वयाच्या सहाव्या वर्षी मालकाने दुकानातील खाऊचे आमिष दाखवून त्यांना कापूस वेचायला लावले. शाळा लवकर सुटली, तरी लिहिता-वाचता येत असल्याने पुढे मार्लो यांच्या मळ्यावर मजुरांच्या कामाची नोंद ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आले. वेचलेल्या कापसाचे वजन करताना मालकाचे माप खोटे असे. त्याची पाठ वळली की हॅमर स्वतःजवळचे खरे वजन काट्याला लावून मजुरांचा कापूस तोलून घेत. चळवळीशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, आणि त्यांचा स्वभाव समजून घ्यायला ती पुरेशी आहे. १९६१ मध्ये गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरने त्यांना न विचारता गर्भाशय काढून टाकले. गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत तेथे हा प्रकार सर्रास चाले.

सनफ्लॉवर काउंटीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती, पण मतदार यादीत त्यांची नावे अगदी मोजकी होती. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी रूलव्हिलच्या चर्चमध्ये सभा घेतली, तेव्हा आपल्यालाही मतदानाचा हक्क आहे हे हॅमर यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच कळले. ३१ ऑगस्टला त्या सतरा जणांसह बसने इंडियानोला येथे नोंदणीसाठी गेल्या. तेथील परीक्षेत राज्यघटनेतील एका कलमाचा अर्थ लिहायचा होता. त्या कायद्याबद्दल आपल्याला, घोड्याला नाताळाबद्दल असते तेवढीच माहिती होती, असे त्या नंतर सांगत. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि तिचा रंग फार पिवळा असल्याचे कारण दाखवून दंड ठोठावला. घाबरलेल्या सोबत्यांना धीर यावा म्हणून हॅमर गाऊ लागल्या, आणि पुढे त्यांचे भरदार गाणे चळवळीच्या सभांचे बळ ठरले. त्याच संध्याकाळी मालकाने नोंदणीचा अर्ज मागे घेण्यास सांगितले. त्यांनी नकार दिल्यावर अठरा वर्षे राबलेला मळा त्यांना सोडावा लागला. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरीही मतदान-कराच्या पावत्या नाहीत म्हणून त्यांना लगेच मत देता आले नाही.

९ जून १९६३ रोजी प्रशिक्षण शिबिराहून परतताना विनोना येथील बसथांब्यावर त्यांना सोबत्यांसह अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांकरवी त्यांना चामडी दंडुक्याने मारवले. त्या मारहाणीत मूत्रपिंडाला आणि एका डोळ्याला झालेली इजा जन्मभर राहिली. संबंधित पोलिसांवर खटला झाला, पण ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले.

राज्यातील डेमोक्रॅटिक पक्ष कृष्णवर्णीयांना दाराबाहेरच ठेवत असल्याने १९६४ मध्ये ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ स्थापन झाली. हॅमर तिच्या उपाध्यक्ष होत्या. २२ ऑगस्टला अटलांटिक सिटी येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात, राज्याचे खरे प्रतिनिधी कोण हे ठरवणाऱ्या समितीपुढे, त्यांनी विनोनाच्या मारहाणीची साक्ष दिली. प्रक्षेपण चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अचानक पत्रकार परिषद घेतली आणि कॅमेरे तिकडे वळले. मात्र त्याच रात्री वाहिन्यांनी ती साक्ष दाखवली आणि मळ्यातून हाकलल्या गेलेल्या या मजूर बाईचे शब्द घरोघरी पोहोचले. पक्षाने तडजोड म्हणून देऊ केलेल्या दोन जागा घेण्यास त्यांचा ठाम विरोध होता. मोठमोठे नेते ती स्वीकारण्याचा सल्ला देत असताना त्या बधल्या नाहीत, आणि त्यांचा निर्णय योग्यच होता. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात त्या मान्यताप्राप्त प्रतिनिधी म्हणून बसल्या, तेव्हा सभागृहाने उभे राहून त्यांचे स्वागत केले.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर नोंदणी वाढली, पण मत देणाऱ्याचे काम आणि घर मालकाच्या हाती असेल तर तो मोकळेपणी मत देऊ शकत नाही, हे हॅमर यांनी स्वतः भोगले होते. शिवाय कापूस वेचणारी यंत्रे आल्याने मजूर बेकार होत होते. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी देणग्यांतून ४० एकर जमीन घेऊन ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. पुढे तिचे क्षेत्र सहाशे एकरांच्या वर गेले. तेथे गरजू कुटुंबांसाठी भाजीपाला पिकवला जाई. तिच्याच जोडीला डुकरांची ‘बँक’ होती : कुटुंबाला मादी पाळायला मिळे आणि तिच्या पिलांतून काही परत केली की ती दुसऱ्या कुटुंबाला दिली जात. पैशाची चणचण आणि हॅमर यांचे ढासळते आरोग्य यांमुळे सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर हा प्रयोग थांबला. चळवळीच्या इतिहासात त्याला अटलांटिक सिटीच्या साक्षीइतकी जागा मिळत नाही, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे.

कर्करोगाने माउंड बायू येथे त्यांचे निधन झाले आणि रूलव्हिल येथे त्यांना दफन करण्यात आले. तेथे २०१२ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान मरणोत्तर देण्यात आला.