मंत्रिमंडळ पद्धती आणि मंत्र्यांची जबाबदारी (ब्रिटन)

ब्रिटनचा कारभार राजाच्या नावाने चालतो, पण तो हाकतात संसदेच्या लोकनिर्वाचित कॉमन्स सभेचा विश्वास असलेले मंत्री. हे मंत्री दोन प्रकारे उत्तरदायी असतात. सरकारच्या धोरणाबद्दल सगळ्यांनी मिळून सभागृहाला जाब द्यायचा, ही सामुदायिक जबाबदारी; आणि आपल्या खात्यात जे घडते त्याबद्दल ज्याने त्याने उत्तर द्यायचे, ही वैयक्तिक जबाबदारी. दोन्ही प्रामुख्याने संकेतांवर, म्हणजे अलिखित रूढींवर, उभ्या आहेत. त्या मोडल्या म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही. त्या पाळायला लावणारी ताकद सभागृहातून येते, आणि बहुतेक वेळा मंत्र्याच्या स्वतःच्याच पक्षातून.

ही घडी कोणी आखून बसवलेली नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आलेला पहिला जॉर्ज १७१७ च्या सुमारास मंत्र्यांच्या बैठकांना येईनासा झाला आणि अध्यक्षाची खुर्ची मंत्र्यांकडे आली. १७२१ पासून रॉबर्ट वॉलपोल याने कोषागाराचा प्रमुख या नात्याने ती जागा भरली. त्याला पहिला पंतप्रधान मानतात. राजाची मर्जी असूनही कॉमन्समधला पाठिंबा सुटल्यावर १७४२ मध्ये त्याला जावे लागले. अमेरिकेतल्या युद्धात यॉर्कटाउनचा पराभव झाल्यानंतर, मार्च १७८२ मध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ आणि त्याचे जवळजवळ सगळे सहकारी एकत्र पायउतार झाले. पूर्वी एकेक मंत्री जात असे. आता सरकार गेले. बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाला राजाने घरी पाठवण्याचा शेवटचा प्रसंग १८३४ चा. चौथ्या विल्यमने पंतप्रधान मेलबर्नला काढले, पण काही महिन्यांतच त्यालाच परत बोलवावे लागले.

पंतप्रधानाच्या पगाराची सोय कायद्याने झाली ती १९३७ मध्ये, म्हणजे पद दोनशे वर्षे जुने झाल्यावर. मंत्रिमंडळाचे कामही बराच काळ असेच तोंडी चाले. १९१६ पर्यंत बैठकीचे इतिवृत्त लिहिलेच जात नसे. पंतप्रधान राजाला स्वहस्ते पत्र लिहून काय ठरले ते कळवी, तीच काय ती नोंद. नेमके काय ठरले हे कधीकधी बैठकीतून उठून आलेल्या मंत्र्यांनाही सांगता येत नसे. महायुद्धात हे परवडणारे नव्हते. डिसेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी सचिवालय उभारले आणि मॉरिस हँकी यांना सचिव नेमले. हँकी १९३८ पर्यंत त्या जागेवर होते. निर्णय लिहिला जाऊ लागला, कोणत्या खात्याने काय करायचे ते ठरू लागले. आधुनिक मंत्रिमंडळ खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचे.

आज मंत्रिमंडळात साधारण बावीस-तेवीस जण असतात. सहसा मंगळवारी सकाळी पंतप्रधानाच्या निवासस्थानी, '१०, डाउनिंग स्ट्रीट' येथे, बैठक भरते. पंतप्रधान मॅकमिलन यांच्या काळात आणलेले टेबल नावेच्या आकाराचे आहे, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते, म्हणजे पंतप्रधानाला प्रत्येकाचा चेहरा दिसावा. पंतप्रधान टोकाला बसत नाही. लांब बाजूच्या मध्यावर, शेकोटीकडे पाठ करून बसतो, आणि हातांची खुर्ची तेवढी त्याचीच. मतदान क्वचितच होते. चर्चा ऐकून पंतप्रधान सारांश सांगतो आणि तोच निर्णय म्हणून लिहिला जातो. सारांश सांगण्याचा हा अधिकार दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. बरेचसे प्रश्न मात्र या टेबलापर्यंत येतच नाहीत, ते मंत्रिमंडळाच्या समित्यांमध्ये निकालात निघतात. टोनी ब्लेअर यांच्या काळात तर महत्त्वाचे निर्णय पंतप्रधानाच्या खोलीत, मोजक्या माणसांत, कागदपत्रांविना होतात अशी टीका झाली. इराक युद्धाच्या गुप्तवार्तांची चौकशी करणाऱ्या बटलर अहवालाने २००४ मध्ये या अनौपचारिकपणावर बोट ठेवले.

सामुदायिक जबाबदारीचे सूत्र सोपे आहे: आत भांडा, बाहेर एक बोला. आतली चर्चा गुप्त राहते, ठरलेले सगळ्यांनी उचलून धरायचे असते, आणि ते जमत नसेल तर राजीनामा द्यायचा असतो. हा नियम मंत्रिमंडळाबाहेरच्या कनिष्ठ मंत्र्यांनाही लागू आहे. मंत्र्यांचे बिनपगारी संसदीय सचिवही सरकारविरुद्ध मत देऊन पदावर राहू शकत नाहीत. मंत्री रॉबिन कुक यांनी मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर पद सोडले आणि मागच्या बाकावरून केलेल्या भाषणात कारणे मांडली. हा या संकेताचा सर्वांत स्वच्छ वापर म्हणावा लागेल. उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांच्या नोव्हेंबर १९९० मधल्या राजीनाम्याचा परिणाम त्याहून मोठा झाला. त्यांच्या भाषणानंतर नऊ दिवसांत पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

नियम ताणला जाणार असे दिसले की तो उघडपणे बाजूला ठेवण्याचीही सोय आहे. १९३२ मध्ये आयातकराच्या प्रश्नावर मंत्र्यांना वेगळे बोलण्याची मुभा दिली गेली. १९७५ आणि २०१६ च्या युरोपविषयक सार्वमतांतही तसेच झाले.

भारताशी याचा संबंध जुना आहे. भारतमंत्री, म्हणजे भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री, एडविन माँटेग्यू यांनी मार्च १९२२ मध्ये तुर्कस्तानविषयक धोरणाबाबतची व्हाइसरॉयची तार मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध होऊ दिली आणि त्यापायी त्यांना जावे लागले. पुढे भारताच्या संविधानाने हाच संकेत लेखी केला: अनुच्छेद ७५ नुसार केंद्रीय मंत्री लोकसभेला, तर अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्री विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहेत. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही पद्धत निवडण्यामागचे कारण स्पष्ट केले होते: स्थैर्य आणि जबाबदारी यांत जबाबदारीला जास्त वजन द्यायचे. १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर बाहेर पडले, तेव्हा मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, हाही त्यांचा आक्षेप होता. संकेताची दुसरी बाजू त्यांनी दाखवून दिली. निर्णयाचा भार सगळ्यांनी उचलायचा, तर तो घेतानाही सगळ्यांना विचारले पाहिजे.

वैयक्तिक जबाबदारी अधिक गुंतागुंतीची आहे. खात्यातल्या प्रत्येक चुकीपायी मंत्र्याने जावे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तसे फार थोडे गेले. ऑस्टिन चेंबरलेन गेले. पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची (आजच्या इराकमधली) मोहीम आखली होती भारत सरकारने. कूत येथे वेढ्यात अडकून शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणींचे जवानही होते. चौकशी अहवालाने तिथल्या हालांवर ठपका ठेवला, तेव्हा जुलै १९१७ मध्ये लंडनमध्ये बसलेल्या भारतमंत्र्याने, म्हणजे चेंबरलेन यांनी, पद सोडले.

नेहमी दाखला दिला जातो तो क्रिचेल डाउनचा. डॉर्सेट परगण्यातली ७२५ एकर जमीन हवाई खात्याने युद्धापूर्वी बाँबफेकीच्या सरावासाठी सक्तीने घेतली. गरज संपल्यावर जमिनी परत करू, असे चर्चिल यांनी १९४१ मध्ये सांगितले होते. पण १९५० मध्ये ही जमीन शेती खात्याकडे गेली आणि खात्याने ती एकसंध ठेवून कुळाला देण्याचे ठरवले. मूळ मालकाचा जावई, जो नौदलात अधिकारी होता, हट्टाला पेटला. चौकशीत अधिकाऱ्यांचे वागणे उघडे पडले. २० जुलै १९५४ रोजी शेतीमंत्री टॉमस डगडेल यांनी सभागृहातच राजीनामा जाहीर केला. अधिकाऱ्यांच्या चुकीसाठी मंत्र्याने केलेला त्याग म्हणून हे प्रकरण शिकवले जाते. मात्र ते धोरण डगडेल यांनाही मान्य होते, आणि त्यांच्या हुजूरपक्षाचेच खासदार त्यांच्यावर संतापले होते, हे सोडून चालत नाही. त्याच चर्चेत गृहमंत्री मॅक्सवेल फाइफ यांनी मर्यादा घालून दिली: मंत्र्याला माहीत नसलेल्या आणि त्याला पसंत नसलेल्या कृत्याचे समर्थन त्याने करायला नको, पण काय घडले याचा हिशेब संसदेला द्यायला तोच बांधील.

त्या वेळी डगडेल यांच्या हाताखाली एक तरुण कनिष्ठ मंत्री होता, लॉर्ड कॅरिंग्टन. त्यानेही राजीनामा देऊ केला, पण चर्चिल यांनी तो घेतला नाही. अठ्ठावीस वर्षांनी, एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटे घेतली तेव्हा हाच कॅरिंग्टन परराष्ट्रमंत्री होता. तो लॉर्ड्सचा, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्य, त्यामुळे कॉमन्समध्ये उभे राहून उत्तरही देता येईना. तिसऱ्या दिवशी तो दोन सहकारी मंत्र्यांसह बाहेर पडला. पुढच्या वर्षी या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या फ्रँक्स समितीने आक्रमणाचा दोष सरकारवर ठेवला नाही. तरीही त्याचे जाणे बहुतेकांना अनावश्यक वाटले नाही.

१९८८ पासून बरीच प्रशासकीय कामे स्वतंत्र प्रमुख असलेल्या यंत्रणांकडे सोपवली गेली आणि धोरण मंत्र्याचे, अंमलबजावणी प्रमुखाची, अशी वाटणी पुढे आली. पार्कहर्स्ट तुरुंगातून कैदी पळाले त्या १९९५ सालीच गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी तुरुंगसेवेच्या प्रमुखाला बडतर्फ केले आणि स्वतः पदावर राहिले. ही वाटणी सोयीची असली तरी धोकादायक आहे. पैसा आणि माणसे किती द्यायची हे मंत्री ठरवतो, आणि गज कापले गेले की ती अंमलबजावणीची चूक ठरते.

वाद नसलेली बाजू एकच: सभागृहाला खरे सांगणे, आणि तेही बाहेरच्यांच्या आधी. अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये भाषणाला आत जाता जाता एका बातमीदाराला अंदाजपत्रकातल्या चार गोष्टी सांगितल्या. भाषण संपण्याआधी त्या सायंदैनिकात छापून आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले. युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो १९६३ मध्ये सभागृहात खोटे बोलल्यामुळे गेले. २०१८ मध्ये गृहमंत्री अंबर रड यांनी स्थलांतरितांना परत पाठवण्याच्या उद्दिष्टांबद्दल अजाणता चुकीचे सांगितले, म्हणून त्या गेल्या. १९९७ मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव करून हा संकेत कागदावर आणला: अचूक माहिती द्या, चूक झाल्यास लगेच सुधारा, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर राजीनामा द्या.

हा ठराव पंतप्रधानालाही लागू आहे. जुलै २०२२ मध्ये आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक बाहेर पडल्यावर दोन दिवसांत पन्नासहून अधिक जणांनी पदे सोडली आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना राजीनामा जाहीर करावा लागला. करोनाकाळातल्या मेजवान्यांबद्दल त्यांनी सभागृहाची हेतुपुरस्सर दिशाभूल केली, असा निष्कर्ष कॉमन्सच्या विशेषाधिकार समितीने जून २०२३ मध्ये काढला. तोवर त्यांनी खासदारकीही सोडली होती. १९ जूनला कॉमन्सने तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला.