काम अजून सुरुवातीला आहे, हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं?

नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखानदार, दिंडोरी-निफाडचे द्राक्ष बागायतदार आणि नव्याने धंद्यात उतरलेली मुलं आमच्याकडे इंग्रजी पत्रं, कंपनी प्रोफाइल, प्रकल्प अहवाल लिहून घ्यायला येतात. बहुतेकांचं काम नुकतं सुरू झालेलं असतं आणि लिहिताना अडतं तेही तिथेच. जे अजून पुरतं झालेलं नाही, ते फुगवून सांगायचं नाही आणि त्यात कमीपणाही वाटू द्यायचा नाही. इंग्रजीत त्यासाठी शब्द पुष्कळ आहेत. आज हातात प्रत्यक्ष काय आहे हे ज्या शब्दातून कळतं तो घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

द्राक्षापासून सुरुवात करतो, कारण इथे आपली मराठीच इतकी बारकाईने बोलते. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुगतात, फुटतात, पोंगा येतो, घड दिसतो, फुलोरा, मग मणी धरतात आणि पुढे मण्यात पाणी उतरतं. परदेशी खरेदीदाराला हे टप्पे बड स्वेल, बड ब्रेक, फ्लॉवरिंग, फ्रूट सेट आणि व्हेरेझन या शब्दांनी कळतात. व्हेरेझन मूळचा फ्रेंच, पण द्राक्षाच्या इंग्रजीत रुळलेला. बाग कुठल्या टप्प्यात आहे ते या शब्दांत लिहिलं की माल साधारण कधी निघेल याचा अंदाज खरेदीदार स्वतः बांधतो. ‘क्रॉप इज इममॅच्युअर’ असं मात्र लिहू नका. काढलेला माल कच्चा आहे असा त्याचा अर्थ घेतला जाईल.

‘अर्ली’ या शब्दाने तर फार घोटाळा होतो. सटाणा, देवळा, कळवण भागात ‘अर्ली’ म्हणजे हंगामाआधी बाजारात येणारं द्राक्ष, ज्याला भाव चांगला मिळण्याची आशा असते. ‘अर्ली स्टेज’ म्हणजे पीक अजून लहान आहे. ‘अर्ली क्रॉप’ आणि ‘क्रॉप ॲट ॲन अर्ली स्टेज’ ही दोन वाक्यं पत्रात अदलाबदल झाली, तर गाडी कधी भरायची याचा सगळा हिशेब फिरतो.

कंपनीबद्दल लिहिताना ‘नॅसेंट’ हा शब्द अनेकांना आवडतो. तो जन्माला येणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आणि एखाद्या उद्योगक्षेत्राला किंवा बाजारपेठेला शोभतो. एका यंत्राला नॅसेंट म्हणत नाहीत. ते ‘प्रोटोटाइप’, आणि निवडक ग्राहकांकडे चाचणीला दिलं असेल तर ‘पायलट’. ‘फ्लेजलिंग’ म्हणजे नुकती पिसं फुटलेलं पिलू. नव्या कंपनीबद्दल वर्तमानपत्राने हा शब्द वापरला तर छान, पण बँकेकडे कर्ज मागताना स्वतःबद्दल नको. ‘रुडिमेंटरी’त जुजबीपणाची छटा आहे. ‘बर्जनिंग’ मूळचा अंकुरण्याचा शब्द असला तरी आज झपाट्याने वाढणारं असाच वाचला जातो, म्हणून दोन-तीन ऑर्डरींवर तो लावू नये. ‘इन्सिपियंट’ म्हणजे नुकतं सुरू होणारं, पण तो बहुधा नको असलेल्या गोष्टीला लागतो: रोग, गंज, भेग. तपासणी अहवालात ‘इन्सिपियंट क्रॅक’ दिसलं, तर तो भाग आधी बाजूला काढा.

‘इन्कोएट’ म्हणजे अर्धवट, अपुरं राहिलेलं. हा शब्द पत्रात वापरायची वेळ सहसा येत नाही, पण माहीत असलाच पाहिजे. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे चेक आणि प्रॉमिसरी नोटच्या कायद्यात, कलम 20 याच नावाने आहे. मुद्रांक लावलेली नोट सही करून कोरी किंवा अर्धवट दुसऱ्याच्या हाती दिली, तर तो मुद्रांकाला पुरेल त्या रकमेपर्यंत ती भरू शकतो, आणि सही करणारा बांधला जातो. उसनवारीत अशी कोरी सही मागणारे भेटतात, म्हणून कळकळीने सांगतो: रक्कम भरल्याशिवाय सही करू नका.

कारखान्याच्या कागदात सरकारी शब्दच धरावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधी ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ मिळतं, चालवण्याची परवानगी म्हणजे ‘कन्सेंट टू ऑपरेट’ वेगळी. पहिलंच हातात असेल तर ‘ऑपरेशनल’ लिहू नये. तसंच ‘ट्रायल प्रॉडक्शन’ला ‘कमर्शियल प्रॉडक्शन’ म्हणू नये. बँक कमर्शियल प्रॉडक्शनच्या तारखेवरून हप्ते मोजते. पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला असेल तर ‘पेटंट पेंडिंग’ लिहा आणि 12 महिन्यांत पूर्ण तपशील दाखल करायला विसरू नका. मंजुरीआधी ‘पेटंटेड’ छापणं दंडास पात्र आहे.

आमच्याकडे येताना मजकूर मराठीत आणलात तरी चालतो. सोबत परवानग्यांच्या प्रती, मिळालेल्या ऑर्डरी आणि कामाचे अलीकडचे फोटो आणा. बागेचं पत्र असेल तर छाटणीची तारीख हवीच. ज्या वाक्याला कागदाचा आधार सापडत नाही, त्याखाली आम्ही पेन्सिलने रेघ मारून कच्चा मसुदा तुमच्याकडे पाठवतो. ती वाक्यं आधी तपासा, मग पक्की प्रत काढू.