चाक हवेत फिरतं तेव्हा दोष मोटरचा नसतो

खेळण्यातली मोटरची गाडी अडली की मोठ्या माणसांचं निदान ठरलेलं असतं: मोटर कमी पडते. मग कुणी सेल बदलतं, कुणी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जास्त आरपीएमची, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे घेणारी, मोटर आणायला सांगतं. हे निदान बहुतेक वेळा चुकतं. आणि ते का चुकतं हे शोधायला गेलं की यंत्रशास्त्रातली माझी सर्वांत आवडती रचना समोर येते: डिफरन्शियल, म्हणजे एकाच मोटरवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी.

यंदा दिवाळीत ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मुलांनी मातीचा किल्ला केला, उतारावर अळीव पेरले आणि सातवीतल्या एका मुलाने किल्ल्याच्या रस्त्यावर आपला ट्रक सोडला. विकतच्या संचातले सुटे भाग जोडून केलेला ट्रक: प्लॅस्टिकच्या भोकांच्या पट्ट्या, पिना, दातेरी चाकं, एक मोटर, सहा सेलचा डबा. वळणावर ट्रक कलंडला, मागचं डावं चाक उचललं गेलं आणि हवेत गरगर फिरू लागलं. उजवं चाक घट्ट मातीवर टेकलेलं होतं, पण ते तसूभरही हललं नाही.

तिथे जमलेल्यांत लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, कंपनीने मोटर हलकी दिली. अकरावीतली एक ताई म्हणाली, मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर बसवायला हवी होती. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवण्याच्या विभागात, आयुष्य घालवलेले एक काका तेवढ्यात खाली वाकले आणि म्हणाले, “मोटरला हात लावू नका रे, आधी मागचा एक्सल उघडा.”

काकांनी नुसता आवाज ऐकून ओळखलं होतं. मोटरवर झेपणार नाही इतका भार आला की तिचा वेग पडतो, आवाज दबतो आणि सेलमधून ओढला जाणारा करंट वाढतो. इथे नेमकं उलटं झालं होतं. चाक मातीवरून सुटताक्षणी मोटरचा आवाज चढला. नंतर मल्टीमीटर लावला तेव्हा दिसलं की चाक हवेत असताना करंट सपाट फरशीवर गाडी पळताना लागतो त्याहूनही कमी आहे. मोटर दमलेली नव्हती, तिला काम मिळत नव्हतं.

जास्त आरपीएमच्या मोटरने तर नुकसानच होईल. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या बीओ मोटरांत, म्हणजे दातेरी चाकं जोडूनच येणाऱ्या छोट्या मोटरांत, आतली मूळ मोटर बहुधा सारखीच असते, फरक असतो तो तिच्या पुढच्या दातेरी चाकांच्या गुणोत्तरात. फेरे वाढवून घेतले की टॉर्क, म्हणजे दांड्याला पीळ देण्याची ताकद, त्याच हिशेबाने घटते.

आता मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन चाकं ज्यावर बसतात तो दांडा. त्यात डिफरन्शियल होता. तो असतोच कशाला, हे आधी पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण किती जास्त? गाडीने पूर्ण गोल चक्कर मारली, तर बाहेरच्या चाकाच्या वर्तुळाचा परीघ वजा आतल्याचा परीघ. त्रिज्या r वजाबाकीत उडून जाते आणि उरतं फक्त २π गुणिले दोन चाकांमधलं अंतर. म्हणजे वळण लहान असो वा मोठं, फरक तेवढाच! आमच्या ट्रकच्या चाकांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर होतं, तेव्हा एका चकरेत फरक सुमारे ७५ सेंटिमीटर. खऱ्या मोटारीत हे अंतर दीड मीटर धरलं, तर तीन हात नाक्यावर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त धावतं. दोन्ही चाकं सलग दांड्यावर जखडली असतील, तर तेवढं अंतर एखादं टायर रस्त्यावर घासत जाईल. म्हणूनच आपल्या तीनचाकी रिक्षाच्याही मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल असतो.

लोकल गाडीच्या चाकांना मात्र तो नसतो. रेल्वेची दोन चाकं एकाच भरीव आसावर घट्ट ठोकलेली असतात आणि ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी धावली तेव्हापासून आजपर्यंत रूळ वळणं घेतच आहेत. तिथे युक्ती चाकाच्या आकारात आहे. चाक किंचित शंकूसारखं निमुळतं असतं. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक आपल्या मोठ्या परिघावर आणि आतलं लहान परिघावर टेकतं, आणि अंतराचा फरक आपोआप भरून निघतो. रबरी टायरला ही सोय नाही.

फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल वापरला. आपल्या हातातल्या संचातला डिफरन्शियल तत्त्वाने तोच. एक पोकळ पिंजरा, त्याच्या कडेला दाते. मोटर हा पिंजरा फिरवते. आत तीन लहान तिरकी दातेरी चाकं असतात, बहुतेक संचांत १२ दात्यांची. एक डाव्या चाकाच्या दांड्यावर, एक उजव्या, आणि तिसरं दोघांच्या मध्ये, पिंजऱ्याच्याच खुंटीवर मोकळं. मोटरचा आणि चाकांचा थेट संबंध कुठेच नाही. जे काही पोहोचतं ते मधल्या त्या तिसऱ्या चाकातून.

औताला बैलजोडी जुंपलेली आठवा. जू मध्यावर इसाडाला, म्हणजे औताच्या लांब दांड्याला, बांधलेलं असतं आणि दोन टोकांना दोन बैल. एक बैल जरा पुढे गेला तर जू तिरकं होतं, पण मध्यबिंदू दोघांच्या सरासरी वेगाने चालतो. आणि खेच? एका टोकाची खेच दुसऱ्या टोकाच्या खेचीइतकीच राहते. एकाने अंग चोरलं तर जू त्याच्या बाजूने मागे फिरतं आणि दुसऱ्याची ताकद औतापर्यंत पोहोचतच नाही. डिफरन्शियलमधलं तिसरं चाक म्हणजे हेच जू, फक्त गोल केलेलं, म्हणून कितीही फिरलं तरी न संपणारं.

यातून दोन नियम मिळतात. पहिला वेगाचा: डाव्या आणि उजव्या चाकाच्या फेऱ्यांची बेरीज भागिले दोन म्हणजे पिंजऱ्याचे फेरे. पिंजरा १०० फेरे घेत असेल तर सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं १००-१००, वळणावर १२० आणि ८०, आणि एक चाक अडकलं तर शून्य आणि २००. हवेतलं चाक इतकं जोरात का फिरत होतं, ते यात आलं. दुसरा नियम टॉर्कचा: घर्षण सोडलं तर दोन्ही चाकांना मिळणारा टॉर्क नेहमी समान. सगळा घोळ या दुसऱ्या नियमात आहे. समजा उजवं चाक घट्ट मातीवर २०० ग्रॅम वजनाइतका रेटा देऊ शकतं आणि डावं भुसभुशीत मातीवर फक्त ३०. डाव्याला ३०च्या वर पीळ मिळाला की ते घसरतं, आणि उजव्यालाही तेवढाच मिळतो. एकूण रेटा ६०. सलग दांडा असता तर २३० मिळाला असता. डावं चाक पूर्ण हवेत असेल तर शून्य अधिक शून्य. या गणितात मोटरची ताकद कुठेही येत नाही. दहापट मोठी मोटर बसवा, हवेतलं चाक फक्त आणखी जोरात फिरेल.

म्हणजे ताईचं म्हणणं बरोबर? किल्ल्यावर, हो. फरशीवरही फारसं बिघडत नाही, कारण हलकी गाडी गुळगुळीत लादीवर सहज घसरून घेते. पण गाडी जड झाली, टायर मऊ रबराचे असले आणि खाली गालिचा असला, की सलग दांड्याची गाडी वळायलाच तयार होत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी ती सरळ रेटत जाते आणि प्लॅस्टिकच्या दांड्याला डोळ्यांना दिसेल असा पीळ पडतो.

यावर खरा तोडगा शेतात आहे. मुरबाड-शहापूरकडे भाताच्या खाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचं एक चाक रुतून फिरायला लागलं, की चालक पायाशी असलेली एक दांडी दाबतो. त्याने पिंजरा आणि एका चाकाचा दांडा एकमेकांत अडकतात. पहिला नियम आठवा: बेरजेतलं एक पद सरासरीइतकं झालं तर दुसरंही तितकंच व्हायला हवं. दोन्ही चाकं एकत्र फिरतात, ट्रॅक्टर बाहेर येतो, पाय उचलला की डिफरन्शियल पुन्हा मोकळा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेकही वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक थोडा दाबला की त्याला टॉर्क घ्यावा लागतो, आणि समानतेच्या नियमाने तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. रिमोटच्या मोटारी शर्यतीत पळवणारे हौशी लोक याच तत्त्वावर डिफरन्शियलमध्ये घट्ट सिलिकॉन तेल भरतात. फिरण्याला आतूनच थोडा विरोध निर्माण होतो.

आता संचाच्या रचनाकाराची बाजू घ्यायला हवी, कारण त्याचे हात बांधलेले असतात. लेगोच्या टेक्निक प्रकारात दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं आणि दातेरी चाकाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये दात्यांच्या निम्मी. ८ आणि २४ दात्यांची जोडी घेतली तर त्रिज्या ४ अधिक १२, म्हणजे १६ मिलिमीटर, बरोबर दोन भोकं. १२ आणि २० घ्या, पुन्हा दोन भोकं. ८ आणि ४० घ्या, तीन भोकं. दात्यांची बेरीज १६ने भागली गेली तरच सरळ पट्टीवर जोडी बसते. त्यामुळे ‘अमुकच गुणोत्तर का नाही दिलं’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा त्या ८ मिलिमीटरांत असतं. कुलूप लावता येणारा डिफरन्शियल द्यायचा तर सरकती कडी, ती सरकवणारी दांडी आणि दोन-तीन भोकांची जादा रुंदी लागते. छोट्या ट्रकमध्ये तेवढ्यात मागची चौकट संपते.

वादात आणखी एकाने सुचवलं की दोन चाकांना दोन मोटर द्या, भानगडच नको. चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याचा टॉर्क खरंच अबाधित राहतो. लेगोच्या २०१९च्या लिबहर उत्खनकात, ४,१०८ भाग आणि ७ मोटर असलेल्या संचात, चाकांऐवजी असलेल्या, रणगाड्यासारख्या दोन साखळी-पट्ट्यांना अशाच स्वतंत्र मोटर आहेत. पण एकाच दिवशी बनलेल्या दोन मोटरही तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत, म्हणून अशी गाडी हळूहळू एका अंगाला ओढते. यावर जी युक्ती आहे ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन मोटर आणि दोन डिफरन्शियल घ्या. पहिली मोटर दोन्ही डिफरन्शियलच्या एकेका दांड्याला सारख्या दिशेने वेग D देते. दुसरी मोटर दोन्ही पिंजरे एकमेकांच्या उलट दिशांना वेग S ने फिरवते. उरलेले दोन दांडे पट्ट्यांना जोडा. पहिल्या नियमात आकडे घातले, तर दिशेचं चिन्ह बाजूला ठेवून एका पट्टीचा वेग D अधिक २S आणि दुसरीचा D वजा २S येतो. दुसरी मोटर थांबली की S शून्य, आणि दोन्ही पट्ट्यांचा वेग दात्यांनीच बांधलेला, अगदी सारखा. अट एवढीच, की थांबलेले पिंजरे मागून ढकलले जाऊ नयेत. त्यासाठी तिथे वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, घालायचा, कारण तो एकाच बाजूने चालतो. खऱ्या रणगाड्यांतही पट्ट्यांचे वेग असे डिफरन्शियलने जोडलेले असतात. ब्रिटिश चर्चिल रणगाड्यातला मेरिट-ब्राऊन गिअरबॉक्स त्याच घराण्यातला. हा परिच्छेद पहिल्या वाचनात निसटला तर कागदावर दोन बाण काढून पुन्हा वाचा. बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र बोटांनी फिरवता येतं, हे कळण्याचा आनंद मोठा आहे.

या संचांच्या खोक्यांवर हल्ली ‘बुद्ध्यांक वाढवतो’, ‘मेंदूची दोन्ही अंगं जागवतो’ असं छापलेलं असतं. खेळण्याने बुद्ध्यांक वाढतो हे खोक्यावर छापल्याने सिद्ध होत नाही. ज्यांनी ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’च्या वर्गांना हजारो रुपये भरून पोरांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला बसवलं, त्यांना मी कळकळीने सांगेन की ती मुलं पट्टीखालच्या फटीतून बघत असतात आणि पालकांना खूश करायला खोटं बोलायला शिकतात. खोक्यावर बघायचंच असेल तर आयएसआय चिन्ह बघा, खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१पासून सक्तीचं आहे.

माझं मत सांगतो. सातवीच्या मुलाच्या संचात डिफरन्शियल असलाच पाहिजे, कुलपाची यंत्रणा नसली तरी चालेल, पण एक साधा सलग दांडा जादा द्यावा आणि पुस्तिकेत एक पान असावं: आता डिफरन्शियल काढून हा दांडा घाला आणि फरक बघा. खर्च काही रुपयांचा. आम्ही पाहिलेल्या संचाच्या पुस्तिकेत जोडणीच्या चित्रांची पानंच्या पानं होती, पण डिफरन्शियल तिथे का आहे याबद्दल एक ओळही नव्हती.

विकत घ्यायच्या आधी दुकानात मांडलेला नमुना उचलून, मोटर बंद ठेवून, मागचं एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने फिरलं तर आत डिफरन्शियल आहे. दोन्ही एकाच दिशेने फिरली, किंवा दोन्ही अडून बसली, तर दांडा सलग आहे. दुसरं चाक ढिम्म राहिलं आणि हातातलं कष्टाने का होईना फिरलं, तर बहुधा प्रत्येकाला स्वतंत्र मोटर आहे. डिफरन्शियल निघाला तर चाक फिरवता फिरवता पिंजऱ्याकडे बघा: तो स्थिर असेल आणि मधलं लहान चाक जागच्या जागी गिरकी घेत असेल. मुलाला आधी ते दाखवा.