सीआरपी वाढले म्हणजे जंतुसंसर्ग झालाच असे नव्हे

तान्ह्या बाळाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तातील सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) वाढले की जंतुसंसर्ग झालाच, हा नातेवाइकांत फिरणारा समज चुकीचा आहे. यकृतात तयार होणारे हे प्रथिन ऊतींना झालेल्या इजेनेही वाढते, आणि शस्त्रक्रिया ही इजाच असल्याने साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वाधिक असणे अपेक्षितच असते. त्यानंतर ते उतरले नाही, किंवा उतरून पुन्हा चढले, तर मात्र डॉक्टर संसर्गाचा शोध घेतात. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या लॅक्टेटचेही (ऊतींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या पदार्थाचेही) तसेच: एका आकड्यापेक्षा त्याचा कल बोलका असतो. (रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून निदान मागणे त्यामुळेच निरर्थक.) उलट, बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर कमी सीआरपीवर विसंबू नये, कारण संसर्गाच्या पहिल्या काही तासांत ते वाढलेले नसते.