‘अॅव्हरेज’ म्हणजे सरासरी नव्हे : पूरविम्यातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

पूर ओसरला, चिखल काढला, नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन गेला आणि काही महिन्यांनी क्लेमचा हिशेब हातात पडला की कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला एक शब्द भेटतो : ‘अॅव्हरेज’. आपल्याकडे अॅव्हरेज म्हणजे गाडी लिटरला किती जाते ते, नाहीतर शाळेतली सरासरी. काही कागदांवर त्याचं मराठी ‘सरासरीचे कलम’ असं केलेलं असतं, त्याने गोंधळ आणखी वाढतो. कारण या कलमात कसलीही सरासरी काढलेली नसते.

हा शब्द समुद्रावरून आला. त्याचं मूळ अरबी मानतात, अर्थ ‘खराब झालेला माल’. जहाजावरच्या मालाचं नुकसान कुणी किती सोसायचं, त्या वाटणीला युरोपातल्या बंदरांत हे नाव पडलं. आपल्याकडेही जोखीम वाटून घेण्याची रीत जुनी आहे. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच देणं लागत. हुंडी आणि विमा एकाच कागदात. पण पॉलिसीची भाषा हुंडीतून आली नाही, इंग्रजी सागरी विम्यातून आली. 1963 च्या आपल्या सागरी विमा कायद्यातही तेच तत्त्व आहे : मालाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा घेतला, तर उरलेल्या भागापुरता विमेदारच स्वतःचा विमाकर्ता, म्हणजे नुकसानीचा तेवढा हिस्सा त्याचा त्यानेच सोसायचा. आगीच्या विम्यात हेच ‘अॅव्हरेज’ म्हणून आलं.

पुराचं संरक्षणही या ‘आगीच्या’ पॉलिसीतच असतं, हे पुष्कळांना पाणी आल्यावर कळलं. 2001 च्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या ठरीव दर-नियमांत, वादळ, पूर आणि जलमय होणं हा गट मूळ पॉलिसीत होता, पण तो वगळून हप्ता कमी करून घेण्याची मुभाही होती. पंचगंगेकाठच्या गावात ही मुभा कुणाच्या फायद्याची, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. 2007 पासून दर खुले झाले, शब्द मात्र बहुतांशी तेच राहिले.

मग ऑगस्ट 2019 आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती पाण्यात गेल्या. सणाच्या तोंडावर दुकानं मालाने भरलेली होती आणि विम्याची रक्कम एखाद्या रिकाम्या महिन्यात ठरलेली. इथेच हे कलम चावतं, कारण मालाची किंमत नुकसानीच्या दिवशीची धरतात. वरखाली होणाऱ्या मालासाठी घोषणा पॉलिसी होती, जिच्यात मालाची किंमत दरमहा कळवायची; पण जुन्या टॅरिफमध्ये तिची किमान रक्कम 1 कोटी. पेठेतल्या दुकानदाराने ती घ्यायची कशी?

हिशेब मांडून बघू. पुरादिवशी दुकानात खरेदीभावाने 40 लाखांचा माल होता, विमा 30 लाखांचा, भिजून गेलेला माल 16 लाखांचा. दुकानदाराला वाटतं, 16 हे 30 पेक्षा कमीच आहेत, सगळे मिळतील. पण विमा तीन चतुर्थांश, म्हणून भरपाईही तीन चतुर्थांश : 12 लाख. 2021 आधीच्या जुन्या पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीला क्लेमचे पहिले 5 टक्के, निदान 10,000 रुपये, विमेदाराच्या अंगावर. ते 60,000 गेले. हातात 11 लाख 40 हजार. भिजलेल्या मालाला मोडीत काही किंमत येत असेल, तर ती आधीच वजा.

हे 30 लाख येतात कुठून? बहुतेक वेळा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे मालाच्या तारणावरच्या खेळत्या कर्जातून. 40 लाखांच्या मालावर 25 टक्के मार्जिन सोडून 30 लाखांची मर्यादा मिळते, आणि विमाही तेवढ्याचाच उतरवला जातो. बँकेचं कर्ज झाकलं जातं. व्यापाऱ्याचं स्वतःचं भांडवल, म्हणजे तेच मार्जिन, उघडं राहतं. वर दरमहा बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट सर्व्हेअरसमोर 40 लाखांचा पुरावा होऊन उभं राहतं. याला ‘व्यापाऱ्याने कमी विमा घेतला’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. रक्कम ठरवताना त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने प्रमाणित पॉलिसी बदलल्या. घरासाठी भारत गृह रक्षा, तिच्यात कमी विम्याची कपातच काढून टाकली. एका जागी 5 कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या व्यवसायाला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे 50 कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. या दोन्हींत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ. म्हणजे वरच्या दुकानदाराने 34 लाखांचा विमा घेतला असता, तर कपात लागली नसती. पण बँकेचं मार्जिन 25 टक्के आणि माफी 15 टक्के. कर्जाएवढाच विमा उतरवण्याची पद्धत चालू आहे तोवर ही सवलत त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आणि जुलै 2021 मध्ये पाणी 56 फुटांच्याही वर गेलं. पॉलिसी वर्षाची असते. मार्चमध्ये नूतनीकरण केलेल्याला जुना मजकूर लागू, एप्रिलनंतर केलेल्याला नवा. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन दुकानांत पाणी एकाच उंचीला चढलं, आणि पॉलिसीवरच्या तारखेने त्यांचे हिशेब वेगळे केले.